गुप्त मतदान आणि सोबती : अपंग मतदाराविषयीच्या निवडणूक कायद्याचा एक इतिहास

इंग्लंडच्या पार्लमेंटने १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा संमत केला, तेव्हा त्याच्या पहिल्या परिशिष्टात सव्विसावा म्हणून एक नियम घालण्यात आला. जो मतदार अंधत्वामुळे किंवा अन्य शारीरिक कारणामुळे विहित पद्धतीने मत नोंदवू शकत नाही, जो ज्यू मतदार शनिवारी मतदान असल्यामुळे धर्माच्या कारणास्तव तसे करण्यास हरकत घेतो, आणि ज्याला वाचता येत नाही असे जो प्रतिज्ञापूर्वक सांगतो, अशा तिघांच्या बाबतीत मतदान केंद्राच्या अध्यक्षाने उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष मतदाराच्या सांगण्याप्रमाणे मतपत्रिकेवर खूण करवावी व ती पेटीत टाकवावी, असा तो नियम होता. अशा मतदारांची नावे, यादीतील त्यांचे क्रमांक आणि खूण दुसऱ्याच्या हातून होण्याचे कारण यांची एक निराळी यादी ठेवावयाची होती. अंध, निरक्षर आणि सब्बाथ पाळणारा ज्यू हे तिघे एका ओळीत यावेत हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात एक साम्य होते. कागदावर स्वतःच्या हाताने, एकांतात खूण करणे हाच मत देण्याचा एकमेव प्रकार ठरल्याबरोबर हे तिघे त्या प्रकाराबाहेर पडत होते.

तत्पूर्वी इंग्लंडमध्ये मतदान उघड चाले. मतदार मंचासमोर येई, आपल्या उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगे, आणि कारकून ते वहीत उतरवून घेई. या वह्या पुढे छापूनही निघत, त्यामुळे कोणत्या कुळाने कोणाला मत दिले हे जमीनदाराला घरबसल्या समजे. या पद्धतीतील जुलूम सर्वश्रुत आहे आणि तिच्याविषयी हळहळ वाटण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट सहसा नोंदली जात नाही. उघड मतदानात अंध मतदार हा काही निराळा मतदार नव्हता. जिभेने द्यावयाच्या मताला डोळ्यांची गरज नव्हती, आणि त्याच्यावर येणारे दडपण डोळस शेजाऱ्यावर येणाऱ्या दडपणाहून वेगळे नव्हते. मत आवाजातून कागदावर गेले तेव्हा बाकी सर्वांना जमीनदारापासून आडोसा मिळाला, आणि अंधाच्या वाट्याला मात्र त्याच आडोशात उभे असलेले उमेदवारांचे प्रतिनिधी आले. ते गुप्ततेच्या शपथेने बांधलेले असत हे खरे, परंतु ज्यांच्यापासून मत लपवावयाचे त्यांच्याच माणसांना ते ऐकवावयाचे, असा हा प्रकार होता.

त्या पार्लमेंटात हेन्री फॉसेट हा एक अंध सभासद होता. १८५८ साली सॅलिसबरीजवळ शिकारीच्या वेळी वडिलांच्याच बंदुकीचे छरे लागून त्याचे दोन्ही डोळे गेले. त्यानंतर तो केंब्रिज येथे अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, १८६५ साली ब्रायटनहून निवडून आला आणि १८८० ते १८८४ या काळात त्याने पोस्टमास्तर जनरलचे पद सांभाळले. हिंदुस्थानच्या वित्तकारभारावर त्याने पार्लमेंटात जी सतत टीका केली तिच्यामुळे त्याला ‘हिंदुस्थानचा सभासद’ असे म्हटले जाई. त्याची पत्नी मिलिसेंट ही काही वर्षे त्याची वाचक व लेखनिक होती. पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचे नेतृत्व तिच्याकडे आले, आणि पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार तिच्यासारख्या स्त्रियांना १९१८ साली मिळाला. अंध माणसाला कायदे करता येत होते, सरकारी खाते चालविता येत होते. मतपत्रिकेवरची फुली मात्र १८७२ च्या नियमाप्रमाणे परक्या हाताची. हा नियम कोणाच्या द्वेषातून जन्मला नव्हता. सुधारणा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो मतदार उभा होता तो पाहणारा आणि वाचणारा होता, एवढेच. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष खूण करविण्याऐवजी अंध मतदाराला स्वतःचा सोबती आणण्याची मुभा देणारा कायदा इंग्लंडमध्ये १९३३ साली, म्हणजे एकसष्ट वर्षांनी झाला.

हिंदुस्थानात हा प्रश्न निराळ्या बाजूने आला. येथे अडचण अंधांची म्हणून प्रथम कोणाला दिसली नाही. दिसली ती निरक्षरांची. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा मतदारांची संख्या सुमारे तीन कोटींवर गेली होती. एवढ्या मोठ्या संख्येतील निरक्षरांची मते केंद्राध्यक्षाने एकेक करून नोंदवावीत हे व्यवहार्य नव्हते आणि सुरक्षितही नव्हते. म्हणून काही प्रांतांत प्रत्येक उमेदवारासाठी वेगळ्या रंगाची पेटी ठेवण्यात आली. मद्रास प्रांतात काँग्रेसला पिवळी पेटी मिळाली आणि प्रचारही त्या पिवळ्या पेटीच्या नावाने झाला. वाचता न येणाऱ्याला स्वतःच्या हाताने, कोणालाही न सांगता मत देता येऊ लागले, ते या रंगीत पेट्यांमुळे.

प्रौढ मताधिकार आल्यावर हीच कल्पना देशव्यापी झाली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१–५२ साली, मतदार सतरा कोटींहून अधिक होते आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे साक्षरतेचे प्रमाण शेकडा अठरा एवढेच होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकिर्दीत जी पद्धत ठरली ती अशी : प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि मतदाराच्या हाती कोणतीही खूण न करावयाची मतपत्रिका. बैलजोडी, झोपडी, दिवा ही चित्रे ओळखता आली म्हणजे झाले. यासाठी वीस लाखांहून अधिक पोलादी पेट्या लागल्या आणि त्यांपैकी पुष्कळशा मुंबईजवळ विक्रोळी येथे गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. १८७२ च्या नियमातील निरक्षर मतदार या पेट्यांच्या जोरावर त्या यादीतून कायमचा बाहेर पडला. निवडणुकांच्या इतिहासात या गोष्टीला जे महत्त्व द्यावयास पाहिजे ते अजून दिले गेलेले नाही. निरक्षराला मत नाकारावे, किंवा त्याचे मत दुसऱ्याने द्यावे, या दोन्ही वाटा सोडून देऊन मतदानाची पद्धतच त्याच्या बेताची करून घेतली गेली. पद्धत माणसाप्रमाणे बदलू शकते, हे भारतीय कायद्याने येथे दाखवून दिले होते.

याच निवडणुकीत सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण अमक्याची बायको किंवा अमक्याची मुलगी यापलीकडे त्यांनी स्वतःचे नाव नोंदवू दिले नव्हते. त्यांचा अधिकार कोणी काढून घेतला नव्हता, तो नोंदीच्या रीतीत अडकला. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

चित्र हे निरक्षराचे अक्षर झाले, पण ते पाहण्याचेच होते. अंध मतदार साक्षर असो वा निरक्षर, कागद चिकटविलेल्या, एकसारख्या आकाराच्या पेट्यांच्या रांगेत कोणती पेटी कोणाची हे कोणाच्या तरी सांगण्यावाचून त्याला कळणे शक्य नव्हते. ब्रेल लिपीत कायद्याचे पुस्तक वाचू शकणारा पदवीधरही येथे आपल्या निरक्षर शेजाऱ्याहून अधिक परतंत्र झाला. पेट्यांच्या पद्धतीत मतपत्रिका बाहेर नेऊन विकण्यास वाव राहतो असे अनुभवास आल्यावर ती सोडून देण्यात आली. १९६० साली केरळात आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक सर्वत्र एकाच मतपत्रिकेवर चिन्हासमोर खूण करण्याची पद्धत आली. तेव्हा डोळ्यांच्या जोडीला हाताच्या नेमकेपणाचीही गरज वाढली. ज्याची बोटे थरथरतात किंवा वळत नाहीत, त्याची खूण दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडली तर मत बाद होण्याचा संभव असे.

१९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील चाळिसावा नियम या परिस्थितीसाठी आहे. अंधत्वामुळे किंवा अन्य शारीरिक दुर्बलतेमुळे मतदाराला चिन्हे ओळखता येत नाहीत किंवा मदतीवाचून खूण करता येत नाही अशी केंद्राध्यक्षाची खात्री झाली, तर त्याने मतदाराला एक प्रौढ सोबती मतदान कक्षात नेऊ द्यावा आणि त्या सोबत्याने मतदाराच्या इच्छेप्रमाणे मत नोंदवावे. एका दिवशी एका माणसाला एकाच मतदाराचा सोबती होता येते. मत गुप्त ठेवीन आणि आज अन्यत्र सोबती झालो नाही, असे त्याने लिहून द्यावयाचे असते. ही अट कोणत्या भीतीपोटी आली हे स्पष्ट आहे : एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता सकाळपासून दारात उभा राहून गावातील सर्व वृद्धांचा व अंधांचा ‘सोबती’ होऊ शकला असता. मतदान यंत्रे आल्यावर याच नियमाची प्रतिकृती ‘४९ एन’ या क्रमांकाने करण्यात आली. तीत मतपत्रिकेच्या जागी यंत्र आणि खुणेच्या जागी कळ आली, आणि सोबत्याचे किमान वय अठरा वर्षे ठेवण्यात आले.

चाळिसाव्या नियमाशेजारीच ‘४० ए’ हा नियम आहे, आणि तो या इतिहासावर अनपेक्षित प्रकाश टाकतो. विधान परिषदेच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर चिन्हे नसतात. उमेदवारांच्या नावांसमोर पसंतीचे आकडे लिहावयाचे असतात. म्हणून या नियमात अंध व दुर्बल यांच्या जोडीला निरक्षर मतदार पुन्हा येऊन बसला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सभासदांनी मतदान करावयाचे असते अशा महाराष्ट्रासारख्या राज्यात हा नियम नुसता कागदावरचा नव्हे. चिन्ह काढून घेतल्याबरोबर निरक्षर मतदार सोबत्यावर अवलंबून होतो, आणि चिन्ह दिल्याबरोबर मोकळा होतो. तेव्हा ही परतंत्रता माणसात आहे की मतपत्रिकेत, याचे उत्तर नियमांच्या क्रमातच आलेले आहे.

अपंगाच्या शरीराचा विचार कायदा करणाऱ्यांना सुचलाच नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. बोटाला शाई लावण्याचा नियम पाहावा. मतदाराच्या डाव्या हाताच्या तर्जनीला खूण करावी; ती नसेल तर डाव्या हाताच्या अन्य बोटाला; डाव्या हाताला एकही बोट नसेल तर उजव्या हाताच्या तर्जनीला किंवा दुसऱ्या कोणत्याही बोटाला; आणि दोन्ही हातांची सर्व बोटे गेली असतील तर डाव्या किंवा उजव्या बाहूचे जे टोक उरले असेल त्याला, इतक्या बारकाईने तो नियम लिहिलेला आहे. कारखान्यात बोटे गमावलेला कामगार, कुष्ठरोगाने बोटे झडलेला मनुष्य, लढाईत हात गमावलेला शिपाई हे सर्व मसुदा लिहिणाऱ्याच्या मनश्चक्षूंपुढे होते. दोनदा मत देऊ पाहणारा अपंग त्याला दिसला. एकदा, एकट्याने मत देऊ पाहणारा अपंग मात्र दिसला नाही. बंदोबस्ताच्या कामी जी कल्पकता लाभली ती सोयीच्या कामी लाभण्यास चार दशकांहून अधिक काळ जावा लागला.

गुप्ततेचे स्वरूप काय, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली रघबीरसिंग गिल विरुद्ध गुरुचरणसिंग तोहरा या खटल्यात केला. वाद राज्यसभेच्या निवडणुकीतील टपाली मतांचा होता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे ९४ वे कलम आपले मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करू देत नाही. हा मतदाराच्या रक्षणासाठी दिलेला विशेषाधिकार आहे आणि मतदाराने स्वखुशीने तो सोडावयाचे ठरविले तर सोडता येतो, असे न्यायालयाने म्हटले. २०१३ साली, कोणालाही मत न देण्याचा पर्याय यंत्रावर असावा या निर्णयाच्या वेळी, गुप्तता हा मुक्त निवडणुकीचा अविभाज्य भाग असल्याचे पुन्हा सांगण्यात आले. या दोन निर्णयांच्या उजेडात सोबत्याचा नियम वाचला म्हणजे त्यातील पोकळी दिसते. अंध मतदार गुप्तता सोडतो ती स्वखुशीने नव्हे. ती सोडल्यावाचून त्याला मतच देता येत नाही म्हणून. सोबती बहुधा मुलगा, सून, भाऊ किंवा नवरा असतो. घरच्या माणसाविषयी अविश्वास दाखविणे कोणालाही अवघड. आणि ज्या घरावर रोजच्या भाकरीसाठी अवलंबून राहावयाचे त्या घराच्या मताविरुद्ध मत द्यावयाचे असेल, तर ते त्या घरच्या माणसाच्याच हातून देवविणे हे त्याहून अवघड. सोबत्याने मनातले उमेदवाराचे चिन्ह सोडून दुसरेच दाबले, तर ते कळण्याचा मार्ग मतदाराजवळ नसतो.

येथवर विचार झाला तो मतदान कक्षाचा. परंतु कक्षाच्या अगोदर मतदारयादी येते, आणि यादीच्या दारात अडलेला अपंग निराळा आहे. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदात प्रौढ मताधिकाराला जे अपवाद सांगितले आहेत त्यांत अनिवास, गुन्हा आणि भ्रष्ट किंवा अवैध आचार यांच्या बरोबरीने मनोविकलता आहे. शारीरिक व्यंगाचा उल्लेख तेथे नाही, ही संविधानाची थोरवी मानली पाहिजे. मनोविकलतेची व्याख्या संविधान करीत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे सोळावे कलम एवढेच म्हणते की, जो मनोविकल आहे आणि सक्षम न्यायालयाने तसा घोषित झालेला आहे, त्याचे नाव यादीत येणार नाही. ही शब्दयोजना १९३५ च्या कायद्याच्या सहाव्या परिशिष्टातून जवळजवळ जशीच्या तशी आलेली आहे. इंग्लंडच्या जुन्या रूढिनियमापेक्षा ती अधिक सुरक्षित होती हे कबूल केले पाहिजे. तेथे जन्मजात मतिमंदाला मत नव्हते, वेड लागलेल्याला मधल्या शुद्धीच्या काळात होते, आणि समोरचा मनुष्य त्या क्षणी शुद्धीवर आहे की नाही हे केंद्राध्यक्षाने ठरवावयाचे. तो रूढिनियम इंग्लंडने २००६ साली रद्द केला. भारतात न्यायालयाच्या घोषणेवाचून कोणालाही वगळता येत नाही.

मग घोषणा किती जणांच्या बाबतीत होई? १९१२ च्या इंडियन लूनसी ॲक्टखाली जिल्हा न्यायालयाने अशी चौकशी करावयाची ती ज्याच्याजवळ मालमत्ता आहे अशा माणसाच्या बाबतीत. चौकशीचा हेतू मालमत्तेची व्यवस्था लावण्याचा. गरीब वेड्याला रुग्णालयात पाठविण्याचा मार्ग निराळा होता आणि त्यात ही घोषणा येत नसे. अर्थात सोळाव्या कलमाने अडणारे लोक थोडेच. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहणाऱ्या बहुसंख्य माणसांना या कलमाने अपात्र ठरविलेले नाही. त्यांची वाट अडविणारे कलम त्याच अधिनियमात चार कलमे पुढे आहे. विसाव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात असे म्हटले आहे की, मनोरुग्णांसाठी चालविलेल्या संस्थेतील रुग्ण आणि तुरुंगातील बंदी हे केवळ त्या कारणाने त्या ठिकाणचे सामान्य रहिवासी मानले जाणार नाहीत. कायद्याची कल्पना अशी की, रुग्ण आज ना उद्या घरी जाईल आणि त्याचे नाव घरच्या यादीत असेल. ज्याला घरच्यांनी वीस वर्षांत एकदाही भेट दिली नाही, ज्याचे घर विकले गेले, ज्याचे नाव ‘स्थलांतरित’ म्हणून खोडले गेले, त्याने कोठल्या यादीत असावे याचे उत्तर या पोटकलमात नाही. येथेही कोणाचा अधिकार काढून घेतलेला नाही. तो पत्त्यात हरवला आहे.

‘केवळ त्या कारणाने’ या शब्दांत मात्र एक फट आहे. अन्य कारणांनी, म्हणजे दुसरे घर नसल्यामुळे आणि तेथेच दीर्घकाळ वास्तव्य असल्यामुळे, रुग्ण संस्थेचा रहिवासी ठरू शकतो. चेन्नईच्या किलपॉक येथील शासकीय मानसिक आरोग्य संस्थेतील काही निवासींची नावे याच संस्थेच्या पत्त्यावर नोंदली गेली आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी संस्थेच्या आवारातील केंद्रात मतदान केले. त्यासाठी कायद्याचा एकही शब्द बदलावा लागला नाही. तत्पूर्वी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने हेही स्पष्ट केले होते की, मानसिक आजाराच्या निदानावरून कोणालाही मनोविकल समजता येणार नाही. न्यायालयाची तशी घोषणा असली पाहिजे. संविधानातील शब्द आणि वैद्यकातील शब्द यांची गल्लत निदान कायद्यापुरती तरी त्यामुळे थांबली.

मतदान केंद्राच्या पायऱ्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. मतदान बहुधा शाळांतून होते, शाळा जोत्यावर असते आणि जोत्याला पायऱ्या असतात. १९९५ साली अपंगांसाठी जो पहिला सर्वंकष कायदा झाला त्यात शिक्षण आले, नोकऱ्या आल्या, रस्ते आले. मतदानाचा शब्दही नव्हता. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर अपंग हक्क चळवळीतील कार्यकर्ते जावेद अबिदी यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि १९ एप्रिल २००४ रोजी, मतदानाचा पहिला टप्पा दुसऱ्या दिवसावर आला असताना, पुढील टप्प्यांसाठी केंद्रांवर लाकडी रॅम्प बसविण्याचा आदेश दिला. चार फळ्यांच्या या सोयीसाठी स्वतंत्र भारताला चौदा लोकसभा निवडणुका लागल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अकरावे कलम आले. सर्व मतदान केंद्रे दिव्यांगांना सुगम असतील आणि निवडणुकीचे सर्व साहित्य त्यांना समजेल व वापरता येईल असे असेल, हे पाहण्याची जबाबदारी त्याने केंद्रीय व राज्य निवडणूक आयोगांवर टाकली. तो अधिनियम अमलात आला तो दिवसही १९ एप्रिलच होता, साल २०१७.

अकराव्या कलमातील ‘साहित्य’ हा शब्द अंध मतदारापाशी परत आणतो. मतदान यंत्र प्रथम १९८२ साली केरळातील परूर येथे वापरले गेले आणि २००४ साली सर्व लोकसभा मतदारसंघांत आले. त्याच वर्षी आंध्र प्रदेशातील आसिफनगर विधानसभा पोटनिवडणुकीत यंत्रावर ब्रेल खुणा बसवून पाहण्यात आल्या, आणि पुढे त्या सर्वत्र झाल्या. यंत्राच्या एका मतदान युनिटावर सोळा कळा असतात. प्रत्येक कळेशेजारी ब्रेलमध्ये तिचा क्रमांक उठविलेला असतो. केंद्रावर उमेदवारांची ब्रेलमधील नमुना मतपत्रिका ठेवलेली असते. अंध मतदाराने ती बोटांनी वाचावी, आपल्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवावा, कक्षात एकट्याने जाऊन त्या क्रमांकाची कळ दाबावी. कळ दाबल्यावर होणारा लांब आवाज मत नोंदले गेल्याची ग्वाही देतो. १८७२ पासून प्रथमच अंध मतदाराचे मत त्याच्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही असे घडू शकले. ब्रेल न येणाऱ्या अंधांची, विशेषतः उतारवयात दृष्टी गेलेल्यांची, संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यापुरता सोबत्याचाच मार्ग राहिला. तरीही १९५१ च्या चिन्हांनी निरक्षरासाठी जे केले त्याच जातीचे हे काम होते.

ही जमेची बाजू फार दिवस निर्भेळ राहिली नाही. यंत्रावरील विश्वासाचा वाद वाढल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये मताच्या कागदी पुराव्याची आवश्यकता मान्य केली. नागालँडमधील नोक्सेन येथे त्याच्या आदल्या महिन्यात त्याचा पहिला वापर झाला होता, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ते सर्व केंद्रांवर आले. कळ दाबल्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. मतदाराने पाहून खात्री करून घ्यावी. डोळस मतदाराच्या हाती अशी एक नवी हमी आली की, जिच्यावाचून मतदान अपुरे आहे असे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने म्हटले. आणि ती काचेआड असल्यामुळे ब्रेल वाचणाऱ्या बोटांना तिचा उपयोग नाही. अंध मतदाराला खात्री करून घ्यावयाची तर पुन्हा कोणाचे तरी डोळे कक्षात न्यावे लागतात. सुधारणा पाहणाऱ्यासाठी व्हावी आणि न पाहणाऱ्याचे स्थान त्या सुधारणेने पूर्वीहून दूर जावे, हा १८७२ चा क्रम दीडशे वर्षांनीही मोडलेला नाही.

अन्यत्र हा पेच निरनिराळ्या रीतींनी हाताळला गेला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००२ च्या कायद्याने प्रत्येक मतदान केंद्रावर अंधांना इतरांइतक्याच गुप्ततेने वापरता येईल असे निदान एक यंत्र असणे आवश्यक केले. तेथे कानाला यंत्र लावून नावे ऐकता येतात. इंग्लंडमध्ये २००० सालानंतर मतपत्रिकेवर ठेवण्याची एक पट्टी आली. तिच्यावर क्रमांकांची उठावदार झाकणे असत, परंतु कोणत्या क्रमांकावर कोणता उमेदवार हे तिच्यावरून कळत नसे. एका अंध महिलेने दाद मागितल्यावर तेथील उच्च न्यायालयाने २०१९ साली निर्णय दिला की, ज्या साधनाने उमेदवाराचे नाव दुसऱ्याकडून समजून घ्यावे लागते, त्याने मदतीवाचून मत देण्याची कायद्याची अपेक्षा पुरी होत नाही. २०२२ च्या कायद्याने त्या एका पट्टीची सक्ती काढून तेथे सर्वसाधारण कर्तव्य घातले गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास भारताने २००७ साली अनुसमर्थन दिले. त्याचा एकोणतिसावा अनुच्छेद गुप्त मतदानाची हमी देतो आणि सोबत्याची सोय त्या हमीनंतर सांगतो : आवश्यक तेथे, मतदाराच्या विनंतीवरून, त्याच्या पसंतीच्या व्यक्तीची मदत. ‘४९ एन’ या नियमात आरंभ होतो तो केंद्राध्यक्षाच्या खात्रीने. दोन्हींत मदत तीच, सोबती तोच. पण एका ठिकाणी मदतीची गरज मतदार सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणी ती अधिकारी ठरवितो.

ऑक्टोबर २०१९ मधील नियम-दुरुस्तीने ऐंशी वर्षांवरील व दिव्यांग मतदारांना घरी बसून टपाली मतपत्रिकेने मत देण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या झारखंड विधानसभा निवडणुकीत काही मतदारसंघांत तिचा आरंभ झाला, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर आली. तोवर वयाची अट पंच्याऐंशीवर नेण्यात आली होती. दिव्यांगांसाठी चाळीस टक्के अपंगत्वाचा निकष आहे. दोन मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असा ताफा घरी येतो. अंथरुणाला खिळलेल्या मतदाराला यामुळे मत मिळाले, हे निर्विवाद. परंतु ज्या घराच्या नजरेतून मत सोडविणे हा गुप्त मतदानाचा एक हेतू होता, त्याच घराच्या चार भिंतींत ते परत गेले, याकडेही दुर्लक्ष करता येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये मतदारयाद्यांत दिव्यांग म्हणून नोंद असलेले मतदार सुमारे ८८ लाख होते. २०११ च्या जनगणनेत सर्व वयांचे मिळून अपंग २ कोटी ६८ लाख मोजले गेले होते. मुले वजा केली तरी हा फरक मोठा आहे. परंतु त्यावरून तेवढे लोक यादीबाहेर आहेत असे अनुमान काढणे घाईचे होईल, कारण नाव असूनही अपंगत्वाची नोंद न केलेले मतदार पुष्कळ असू शकतात. सोयी मात्र नोंद पाहूनच केल्या जातात.

ज्यांच्या मताला सोबती लागला त्यांची यादी आजही प्रत्येक केंद्रावर ठेवली जाते. तिचे नाव ‘नमुना १४ ए’. तिच्यात मतदाराचा यादीभाग व अनुक्रमांक, त्याचे पूर्ण नाव, सोबत्याचे पूर्ण नाव, सोबत्याचा पत्ता आणि सोबत्याची सही असे रकाने आहेत. खूण परक्या हाताने होण्याचे कारण लिहिण्यासाठी १८७२ च्या यादीत जागा होती, ती या नमुन्यात नाही. मतदाराच्या सहीसाठीही रकाना नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष ती पाकिटात घालून इतर कागदपत्रांबरोबर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पाठवितो.